भंगारात देण्याआधी : जुना लॅपटॉप, लिनक्स आणि ग्राफिक्स ड्रायव्हर

आपल्या मेसमध्ये वर्षातून दहा वेळा तरी ऐकू येणारा प्रश्न : "जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर तो पळेल का रे?" यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, लिनक्स म्हणजे संजीवनी. दुसरी म्हणते, "काही उपयोग नाही, मी टाकून बघितलं, विंडो सरकवली तरी मागे शेपूट राहतं." गंमत म्हणजे दोघेही खरे बोलत असतात! फरक लिनक्समध्ये नसतो, फरक असतो ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये. तो नीट लागला तर २००६ चे यंत्रही कामाला येते. नाही लागला तर चांगला धडधाकट लॅपटॉप "स्लो आहे" असे म्हणून भंगारवाल्याच्या तराजूत जातो.

म्हणून हा लेख. यात उपाय तर आहेतच, पण त्याहून मोठा मुद्दा असा की यंत्र "कालबाह्य" कोण ठरवतं? त्याची चिप, की त्या चिपचे कागद ज्याच्या कपाटात आहेत तो?

यंत्र कोणते, गरज कोणती

माझे गाव लिंबागणेश. बीड तालुक्यात, भालचंद्र गणपतीमुळे लोकांना नाव माहीत असते. गावी माझी चुलत बहीण अकरावी सायन्सला आहे. तिच्यासाठी पुण्याच्या काकांनी त्यांच्याकडचा जुना लॅपटॉप पाठवला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ग्राफिक्ससाठी एटीआय मोबिलिटी रेडिऑन एक्स१४००. आधीच्या कुणीतरी त्यावर लिनक्सही टाकून ठेवलेले होते.

तिची गरज फार मोठी नाही. पुस्तकांच्या पीडीएफ, लिब्रेऑफिस, थोडे पायथन आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले व्हिडिओ. हे व्हिडिओ एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही बघता येतात, त्यामुळे खेडेगावात फार सोयीचे. पण तक्रार अशी : व्हिडिओ अडखळतो, पान वर सरकवले की कापत कापत येते आणि पंखा असा ओरडतो की जणू पिठाची गिरणी सुरू आहे. "दादा, यापेक्षा माझा मोबाइल बरा," हा तिचा शेरा. तिचं बरोबरच होतं.

टॉप कमांड लावून पाहिले तर प्रोसेसरचे दोन्ही कोअर शंभर टक्क्यांवर. नुसता व्हिडिओ चालू असताना! इथेच खरी गोम आहे.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय?

आमच्या बीडकडच्या माणसाला हे मुकादमाच्या उदाहरणाने चटकन कळते. कारखान्याला ऊस हवा असतो. फडात तोडायला टोळी बसलेली असते. दोघांच्या मध्ये मुकादम असतो. कुठल्या फडात जायचे, किती तोडायचे, गाडी कधी भरायची हे तो टोळीला सांगतो. आता मुकादमच आला नाही असे समजा. टोळी जागेवर बसून राहील. आणि कारखान्याने हट्ट धरला की ऊस आजच पाहिजे, तर ऑफिसातल्या कारकुनालाच हातात कोयता घेऊन फडात उतरावे लागेल. तो तोडेल, पण किती? आणि त्याचे ऑफिसातले काम कोण करणार?

आपल्या लॅपटॉपमध्ये टोळी म्हणजे ग्राफिक्स चिप. हजारो ठिपके एकाच वेळी रंगवण्यासाठीच ती जन्माला आली. कारकून म्हणजे आपला प्रोसेसर. ड्रायव्हर नसला की प्रत्येक ठिपका प्रोसेसर स्वतः रंगवतो. लिनक्समध्ये या कोयता घेतलेल्या कारकुनाला नावसुद्धा आहे : एलएलव्हीएमपाइप. हे नाव कुठे दिसले तर समजा, टोळी रिकामी बसली आहे.

लिनक्समध्ये हा मुकादम एकटा नसतो, त्याचे तीन भाग असतात.

पहिला भाग कर्नलमध्ये. चिप ओळखणे, तिची मेमरी सांभाळणे, पडद्याचे रिझोल्युशन लावणे हे त्याचे काम. आपल्या चिपसाठी या भागाचे नाव "रेडिऑन". नव्या एएमडी चिपसाठी "एएमडीजीपीयू" नावाचा वेगळा ड्रायव्हर आहे. त्याचा इथे उपयोग नाही.

दुसरा भाग मेसा. प्रोग्रॅम ओपनजीएलच्या भाषेत बोलतो, मेसा ते चिपच्या भाषेत उलगडून सांगते. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये हे काम सुरू केले आणि आज जवळजवळ प्रत्येक लिनक्स डेस्कटॉप त्यावर उभा आहे. मेसामधल्या आपल्या उपयोगाच्या ड्रायव्हरचे नाव "आर३००".

तिसरा भाग फर्मवेअर. हा प्रोसेसरवर नाही, तर प्रत्यक्ष चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. लॅपटॉप सुरू होताना कर्नल तो डिस्कवरून उचलतो आणि चिपमध्ये भरतो. तिघांपैकी एक जरी गैरहजर असला तरी टोळी उठत नाही.

निदान : चार प्रश्न

डॉक्टर जसे आधी नाडी बघतात तसे आपणही आधी बघायचे. औषध नंतर. या लेखात आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरायची.

प्रश्न १ : चिप कोणती? टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा डॅश के आणि डॅश एनएन हे पर्याय लावून द्या. व्हीजीएची ओळ शोधा. तिथे चौकटी कंसात एक जोडी आकडा दिसेल. पहिला भाग कंपनीचा : १००२ म्हणजे एटीआय-एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. लॅपटॉपवरचे स्टिकर खोटे बोलू शकते, हा आकडा बोलत नाही. त्याच्याखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" असे लिहिलेले असेल तर पहिला मुकादम हजर आहे.

प्रश्न २ : कुणी त्याला दम देऊन बाहेर तर बसवले नाही? जुन्या लॅपटॉपवर पडदा काळा झाला की "नोमोडसेट" असा शब्द बूटच्या ओळीत घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. इन्स्टॉल करण्यापुरता तो ठीक आहे. पण त्याचा अर्थ असा की कर्नलने पडद्याला हात लावायचा नाही. आजचा रेडिऑन ड्रायव्हर त्याशिवाय चालतच नाही. म्हणजे हे औषध तात्पुरते घ्यायचे, पण पुष्कळ जण ते जन्मभर घेत राहतात! प्रोक फोल्डरमधली सीएमडीलाइन ही फाइल कॅटने वाचा. त्यात हा शब्द असेल तर रोग सापडला.

प्रश्न ३ : फर्मवेअर मिळाले का? डीमेसेज या आज्ञेचे आउटपुट ग्रेपने चाळा आणि "फर्मवेअर" हा शब्द शोधा.

प्रश्न ४ : प्रत्यक्षात रंगवतोय कोण? मेसा-युटिल्स पॅकेज टाकून जीएलएक्सइन्फो डॅश कॅपिटल बी द्या आणि रेंडररची ओळ वाचा. चिपचे नाव आले तर टोळी कामावर, एलएलव्हीएमपाइप आले तर कारकून फडात.

आमच्या लॅपटॉपची उत्तरे अशी आली. चिप ओळखली होती. रेडिऑन ड्रायव्हर लागला होता. नोमोडसेट नव्हते. पण डीमेसेजमध्ये ओळ होती की आर५२०_सीपी नावाची फाइल सापडली नाही, आणि तिच्यापाठोपाठ दुसरी : जीपीयू ॲक्सिलरेशन बंद करत आहे. जीएलएक्सइन्फोमध्ये अर्थातच एलएलव्हीएमपाइप.

हा प्रकार फसवा का, ते लक्षात घ्या. पडद्याचे रिझोल्युशन बरोबर होते, रंग बरोबर होते, कुठे एररची खिडकी नाही. बघणाऱ्याला वाटणार, सगळं ठीक आहे, यंत्रच म्हातारं झालंय. आणि ती गैरहजर फाइल केवढी? २०४८ बाइट, म्हणजे फक्त २ केबी. आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावरची एक सूचना टाइप केली तर तिची फाइलसुद्धा याहून मोठी होईल!

ही फाइल का नसते?

यात कुणाचा खोडसाळपणा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. या छोट्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड उपलब्ध नाही, कंपनीने फक्त तयार आकडे दिलेले आहेत. पूर्वी हे आकडे कर्नलच्या सोर्समध्येच तक्त्यासारखे लिहिलेले असत. पुढे ते वेगळ्या फाइलींत काढले गेले. सोर्स नाही म्हणजे पूर्ण मुक्त नाही, म्हणून काही लिनक्स वितरणे ते मूळ सीडीत ठेवत नसत. डेबियनने यावर २०२२ मध्ये मतदान घेतले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येते. त्यामुळे आज नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. पण जुने इन्स्टॉलेशन जसेच्या तसे पुढे ओढत आणलेल्या लॅपटॉपवर तो अजून दिसतो.

उपचार

१. नोमोडसेट असेल तर ईटीसी-डिफॉल्ट-ग्रब या फाइलमधून तो शब्द काढा आणि अपडेट-ग्रब चालवा.

२. पॅकेजच्या यादीत, म्हणजे एपीटीच्या सोर्सेस फाइलमध्ये, "मेन"च्या पुढे "नॉन-फ्री-फर्मवेअर" हा विभाग जोडा. डेबियन १२ च्या आधीच्या आवृत्त्यांत याचे नाव नुसते "नॉन-फ्री" असे होते. मग फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज टाका.

३. गावी नेट धड नसेल तर हॉस्टेलवरून ते पॅकेज पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि डीपीकेजी डॅश आय ने बसवा. मी असेच केले. आपल्याला हवी ती फाइल २ केबीची असली तरी पॅकेज बरेच मोठे असते, कारण त्यात एएमडीच्या सगळ्या पिढ्यांचे फर्मवेअर एकत्र असते.

४. फाइल हाताने कॉपी केली असेल तर अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू चालवायला विसरू नका. ड्रायव्हर फार लवकर, मुख्य डिस्क उघडायच्या आधीच जागा होऊ शकतो. त्याला तेव्हाच फाइल हाताशी लागते. पॅकेजने बसवले तर हे आपोआप होते.

५. रीबूट.

परत जीएलएक्सइन्फो दिले. रेंडरर : एटीआय आरव्ही५१५. ओपनजीएल २.१. व्हिडिओ न अडखळता चालू लागला आणि पंख्याचा आवाज खाली आला. खर्च शून्य.

आणि हो, एक गोष्ट करू नका. "एटीआय लिनक्स ड्रायव्हर" असे शोधून कंपनीचा जुना बंद ड्रायव्हर टाकायला जाऊ नका. एफजीएलआरएक्स नावाच्या त्या ड्रायव्हरने या पिढीची साथ २००९ मध्येच सोडली. कॅटॅलिस्ट ९.३ ही शेवटची आवृत्ती. ती त्या काळच्या कर्नलसाठी आणि त्या काळच्या एक्स सर्व्हरसाठी होती. आजच्या सिस्टिमवर ती बसवणे म्हणजे मीटर गेज डब्याला ब्रॉड गेज रुळावर ढकलणे.

मग हा दुसरा ड्रायव्हर जिवंत कसा?

विचार करा, कंपनीने २००९ मध्ये हात वर केले, तरी आज तीच चिप नव्या कर्नलवर चालते. हे झालं कसं? इथे थोडा इतिहास.

रेडिऑनच्या आर३०० पिढीचे तपशील कंपनीने उघड केले नव्हते. तेव्हा २००४ च्या सुमारास काही प्रोग्रॅमर मंडळींनी उलट्या बाजूने काम सुरू केले. बंद ड्रायव्हर चालू असताना चिपला कोणते आकडे जातात ते बघायचे, एक गोष्ट बदलायची, पुन्हा बघायचे. चावी नसताना कुलपाचा आवाज ऐकून चावी घडवण्यासारखे काम.

२००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली. सप्टेंबर २००७ मध्ये एएमडीने जाहीर केले की चिपची माहितीपत्रके कुणाकडूनही गुप्ततेचा करार न घेता खुली करणार. पहिल्या खेपेला आलेल्या कागदांत एम५६ या चिपच्या रजिस्टरांचे पुस्तक होते. एम५६ म्हणजे मोबिलिटी रेडिऑन एक्स१६००, आमच्या एक्स१४०० ची सख्खी मोठी बहीण. दोघी आर५०० या एकाच घराण्यातल्या.

तेव्हा हे कागद म्हणजे फक्त आकड्यांचे तक्ते होते. पण त्यांच्यामुळे पुढचे सगळे शक्य झाले. सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ कर्नलमध्ये रेडिऑनसाठी पडद्याची सूत्रे कर्नलकडे आली. म्हणजे ज्या वर्षी बंद ड्रायव्हर थांबला, त्याच वर्षी खुला ड्रायव्हर स्वतःच्या पायावर उभा राहिला. पुढे मेसातला आर३०० ड्रायव्हर गॅलियम या नव्या रचनेवर पुन्हा लिहिला गेला. याचे महत्त्व २०२२ मध्ये कळले. मेसा २२.० मध्ये जुन्या रचनेचे सगळे ड्रायव्हर मुख्य कोडमधून काढले. रेडिऑनच्या त्याआधीच्या दोन पिढ्या, आर१०० आणि आर२००, तेव्हा ॲम्बर नावाच्या वेगळ्या शाखेत गेल्या. आर३०० मात्र नव्या रचनेवर असल्यामुळे मुख्य घरातच राहिला.

आता उलट उदाहरण बघा. इंटेलची जीएमए ५०० ही चिप २००८ ची, म्हणजे आमच्या एक्स१४०० पेक्षा नवी. पण तिचा ग्राफिक्स भाग दुसऱ्या कंपनीच्या पॉवरव्हीआर या रचनेचा, आणि त्याचे कागद बाहेर आले नाहीत. लिनक्स कर्नलमधला तिचा ड्रायव्हर फक्त पडदा लावतो. थ्रीडी ॲक्सिलरेशन तिथे नाहीच. म्हणजे वयाने लहान चिप म्हातारी झाली आणि वयाने मोठी अजून हिंडतेय. फरक कागदांचा.

खोट्या आशा नकोत

ड्रायव्हर लागला म्हणजे लॅपटॉप नवा झाला असे नाही. काही मर्यादा स्पष्ट सांगतो.

ही चिप ओपनजीएल २.१ च्या पुढे जात नाही. ब्लेंडरच्या नव्या आवृत्त्या, नवे गेम विसरा. डेस्कटॉपही हलका घ्या, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. व्हिडिओ डीकोड करण्याचे काम अजूनही प्रोसेसरच करतो, चिप फक्त पडद्यावर मांडते. म्हणून ३६० किंवा ४८० पी पर्यंत समाधान मानावे, फुल एचडीचा हट्ट नको.

प्रोसेसर "कोअर ड्युओ" आहे की "कोअर टू ड्युओ" हे नक्की बघा. पहिला ३२ बिटचा, दुसरा ६४ बिटचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. मधल्या एका "टू"वर सगळा खेळ आहे.

उष्णता. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही बाब महत्त्वाची. या पिढीची चिप स्वतःहून वेग कमी-जास्त करत नाही, तिला सांगावे लागते. सिस-क्लास-डीआरएम-कार्ड०-डिव्हाइस या फोल्डरमध्ये पॉवर_प्रोफाइल नावाची फाइल असते. काही ठिकाणी कार्ड० ऐवजी कार्ड१ असते. रूट होऊन त्यात "लो" हा शब्द इकोने लिहिला की चिपचा वेग आणि तापमान दोन्ही उतरतात. अभ्यासाच्या कामाला तेवढा वेग पुरतो. रीबूटनंतर ही सेटिंग जाते, तेव्हा क्रॉनमध्ये ॲट-रीबूटची एक ओळ घालून ठेवा. आणि पंख्याच्या जाळीतली धूळ साफ करा. तिला कोणताही ड्रायव्हर लागत नाही!

हे तुमच्या लॅपटॉपबद्दलही आहे

"आमच्याकडे कुठे २००६ चा लॅपटॉप आहे?" असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आपल्याच विंगमधले, घरच्यांनी हप्ते भरून घेतलेले किती तरी लॅपटॉप आता "जुन्या"च्या रांगेत उभे आहेत. त्यांपैकी बऱ्याच जणांना लिनक्सकडे यावे लागेल आणि तेव्हा ग्राफिक्सचा प्रश्न येणारच.

इंटेलचे साधे ग्राफिक्स असेल तर निर्धास्त राहा, त्याचा ड्रायव्हर खुला आहे आणि कर्नलसोबतच येतो. एएमडीचा मामला आपण वर पाहिलाच. एनव्हिडिया असेल तर जरा खोलात शिरा. जीफोर्स ६ आणि ७ मालिकेसाठीची ३०४ ही शाखा २०१७ मध्ये थांबली. २०२५ मध्ये कंपनीने सांगितले की मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा. जीटीएक्स १०५० हे पास्कल कार्ड, तेव्हा ज्यांच्याकडे आहे त्यांनी कान टवकारावेत.

मग खुला नूव्हो ड्रायव्हर आहे ना? आहे, पण पास्कल पिढीत एक अडचण आहे. चिपचा वेग वाढवायला कंपनीची सही असलेले फर्मवेअर लागते आणि नूव्होला ते उपलब्ध नाही. त्यामुळे कार्ड सुरू होताना ज्या मंद वेगावर असते त्याच वेगावर राहते. ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांत परिस्थिती बरी आहे. २०२२ मध्ये कंपनीने त्यांच्यासाठी कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला.

म्हणून सेकंडहँड लॅपटॉप घेताना रॅम आणि हार्ड डिस्क विचारता तसाच आणखी एक प्रश्न विचारा : याच्या ग्राफिक्सचा खुला ड्रायव्हर आहे का? दुकानदाराला माहीत नसेल. लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह खिशात ठेवा, दुकानातच बूट करा आणि वरचे चार प्रश्न विचारून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे.

आपण इंजिनिअर होणार आहोत. उद्या आपणही कुठली तरी चिप, कुठले तरी यंत्र बनवू. कंपनी एक दिवस त्याची साथ सोडेल, ते चुकत नाही. पण साथ सोडताना कागद मागे ठेवले तर कुणीतरी अनोळखी माणूस ते यंत्र पुढे पंधरा वर्षे चालवतो, आणि एखाद्या गावातल्या अकरावीच्या मुलीचा अभ्यास त्यावर होतो. कागद कपाटात राहिले तर ते यंत्र फक्त वजनाने विकले जाते.

तेव्हा दोस्तहो, लॅपटॉप भंगारात देण्याआधी चार प्रश्न विचारा. उत्तर अडले तर रात्री जेवणानंतर आमच्या रूमवर या. पेन ड्राइव्ह मी देतो, चहा तुम्ही पाजा!